परदेशात राहायला जाताना देश कसा निवडावा

परदेशात राहण्याचा विचार मनात आला की बहुतेक जण आधी आवडत्या देशांची यादी करतात आणि मग त्यातील एखाद्या देशात जाण्याची वाट शोधू लागतात. हवामान, स्वस्ताई, समुद्रकिनारा, निवांतपणा या गोष्टी त्या यादीत वरच्या क्रमांकावर असतात. त्यात गैर काही नाही, मात्र ती यादी पर्यटकाची असते. रहिवाशाने सुरुवात वेगळ्या प्रश्नापासून करावी. हा देश मला कोणत्या कागदावर, किती वर्षे आणि कोणत्या अटींवर राहू देईल, आणि माझे एखादे वर्ष वाईट गेले, म्हणजे नोकरी गेली, मोठे आजारपण आले, जोडीदाराची साथ सुटली किंवा चलन घसरले, तर त्या कागदाचे काय होईल? चांगल्या वर्षात जवळजवळ कोणत्याही देशात सुखाने राहता येते. म्हणून देशांची तुलना वाईट वर्ष डोळ्यांसमोर ठेवून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी परवाना, मग देश

निवास परवाने ढोबळमानाने पाच प्रकारचे असतात: नोकरीवर आधारलेले, निवृत्तिवेतन किंवा अन्य नियमित उत्पन्नावर मिळणारे, गुंतवणुकीवर मिळणारे, कुटुंबामुळे मिळणारे आणि अलीकडे दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी निघालेले. आपण यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो हे प्रामाणिकपणे ठरवले की यादीतील निम्मे देश आपोआप गळतात, आणि ते आधीच गळलेले बरे.

उरलेल्या प्रत्येक देशाच्या बाबतीत परवाना कसा मिळतो यापेक्षा तो कसा जातो, हे अधिक बारकाईने वाचावे. नोकरी गेल्यावर हातात किती दिवस उरतात, एवढ्या एका मुद्द्यावरही देशादेशांत मोठी तफावत आहे. सिंगापूरमध्ये एम्प्लॉयमेंट पास रद्द झाला की साधारणपणे ३० दिवसांत पुढची सोय करावी लागते. अमेरिकेत नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असणाऱ्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. युरोपीय संघाच्या ब्लू कार्डाविषयीच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा परवाना) २०२१ च्या निर्देशानुसार मात्र कार्डाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील तर तीन महिने आणि झाली असतील तर सहा महिने एवढी बेकारी चालू शकते. मुले शाळेत आहेत, घराचा भाडेकरार दोन वर्षांचा आहे आणि हातात ३० दिवस आहेत, असे चित्र एकदा कागदावर मांडून पाहिले की पगारातील फरकाचे आकर्षण बरेच ओसरते.

जोडीदाराला तिथे काम करता येईल का, हा प्रश्न दुय्यम समजला जातो आणि पुढे तोच सर्वांत महाग पडतो. सिंगापूरने १ मे २०२१ पासून अवलंबितांच्या पासवर असणाऱ्यांना नोकरीसाठी स्वतंत्र कार्यपरवाना घेणे सक्तीचे केले. ज्या कुटुंबांचा सगळा हिशेब दोन पगारांवर बेतलेला होता, त्यांना तो नव्याने मांडावा लागला.

निवृत्तांसाठीच्या परवान्यांत बहुधा वयाची आणि पैशाची अट असते. थायलंडमध्ये वय ५० पूर्ण असावे लागते आणि तिथल्या बँकेत ८ लाख बाहत ठेव किंवा दरमहा ६५ हजार बाहत उत्पन्न दाखवावे लागते. शिवाय दीर्घ मुदतीने राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशन खात्याला कळवावा लागतो. ही अट जाचक नाही, पण वर्षानुवर्षे राहूनही आपण पाहुणेच आहोत याची आठवण ती दर तीन महिन्यांनी करून देते. कोणाला त्याचे काही वाटत नाही, कोणाला फार वाटते. आपण कोणत्या गटात मोडतो हे जाण्यापूर्वीच ओळखावे.

नावांवरून फसगत होते, म्हणून एक इशारा देतो. एस्टोनियाची २०१४ साली सुरू झालेली ई-रेसिडेन्सी ही केवळ डिजिटल ओळख आहे. तिच्या आधारे कंपनी चालवता येते, पण त्या देशात राहण्याचा किंवा नुसता प्रवेश करण्याचाही हक्क मिळत नाही.

नियम बदलतात, आणि ते आपल्या सोयीने बदलत नाहीत. परदेशी व्यक्तींना दीर्घ मुदतीने राहू देणाऱ्या मलेशियाच्या ‘माय सेकंड होम’ योजनेत २०२१ साली परदेशातील मासिक उत्पन्नाची अट १० हजार रिंगिटवरून एकदम ४० हजारांवर गेली आणि २०२४ मध्ये योजनेची रचना पुन्हा बदलली. पोर्तुगालने २०२३ मध्ये गोल्डन व्हिसातून, म्हणजे गुंतवणुकीवर मिळणाऱ्या परवान्यातून, घरखरेदीचा मार्ग काढून टाकला, तर स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये ती योजनाच बंद केली. म्हणून ज्या अटीत आपण जेमतेम बसतो, त्या अटीवर आयुष्याचा आराखडा उभा करू नये. उत्पन्नाच्या किमान रकमेपेक्षा आपले उत्पन्न निदान दीडपट असावे, असा माझा ठोकताळा आहे.

शेवटी, तात्पुरत्या परवान्यातून कायमच्या वास्तव्याकडे वाट जाते का, हेही पाहावे. जपानमध्ये कायम वास्तव्यासाठी सर्वसाधारणपणे १० वर्षांचे सलग वास्तव्य लागते. कॅनडात कायम रहिवासाचा दर्जा येतानाच मिळू शकतो, पण तो टिकवण्यासाठी पाच वर्षांत किमान ७३० दिवस देशात काढावे लागतात. नागरिकत्वाच्या बाबतीत जर्मनीने जून २०२४ पासून एकाहून अधिक नागरिकत्वे मान्य केली आहेत. जपान आणि सिंगापूर मात्र सज्ञान व्यक्तीकडून जुने नागरिकत्व सोडण्याची अपेक्षा करतात. जन्मदेशाचा पासपोर्ट सोडायची तयारी नसेल, तर या देशांत कायमचे वास्तव्य हाच शेवटचा टप्पा धरून चालावे.

पैसा: कर आणि चलन

कराच्या बाबतीत ‘१८३ दिवस’ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि तोच बहुतेकांची दिशाभूल करतो. वर्षातले १८३ दिवस एखाद्या देशात राहिल्यास तिथले करनिवासी, म्हणजे तिथे कर देण्यास बांधील, ठरण्याची शक्यता मोठी असते हे खरे. परंतु त्याहून कमी दिवस राहिल्यास करमुक्ती मिळते असा त्याचा अर्थ होत नाही. कायमचे घर कुठे आहे, कुटुंब कुठे राहते, आर्थिक व्यवहारांचे केंद्र कुठे आहे, यावरूनही निवास ठरतो. दोन्ही देश आपल्यावर हक्क सांगू लागले तर त्यांच्यातील दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार कामी येतो, म्हणून असा करार आहे की नाही हे पहिल्याच आठवड्यात तपासावे. अमेरिकी नागरिकांची गोष्ट निराळी आहे: ते जगात कुठेही राहिले तरी अमेरिकेला विवरणपत्र देणे त्यांना चुकत नाही.

संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तींच्या पगारावर आयकर नाही, ही गोष्ट खरी आहे आणि मोहात पाडणारी आहे. तरीही तुलना करायची तर कराचा दर एकटा घेऊ नये. शाळेची फी, आरोग्य विमा, घरभाडे आणि निवृत्तीसाठी स्वतःच करावी लागणारी बचत यांची बेरीज त्याच्याशेजारी मांडावी.

चलनाचा धोका करापेक्षा मोठा असूनही त्याच्याकडे कोणी पाहत नाही. समजा, एक ब्रिटिश निवृत्त गृहस्थ २०१५ च्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये राहायला गेले आणि त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा १,००० पौंड आहे. तेव्हा एका पौंडाला सुमारे १.४० युरो मिळत होते, म्हणजे हातात १,४०० युरो येत. युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयीच्या जून २०१६ च्या ब्रिटिश सार्वमतानंतर पौंड घसरला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो सुमारे १.११ युरोवर आला. घरभाडे तेच, औषधे तीच, पण खात्यात सुमारे २९० युरो कमी. त्यांनी काही चूक केली नव्हती. मिळकत एका चलनात आणि खर्च दुसऱ्यात, एवढेच कारण पुरेसे ठरले. याच गृहस्थांनी कॅनडा किंवा ऑस्ट्रेलिया निवडला असता, तर त्यांच्या सरकारी निवृत्तिवेतनातील वार्षिक वाढच थांबली असती, कारण ब्रिटन काही ठरावीक देशांत राहणाऱ्यांनाच ती वाढ देतो. म्हणून मिळकतीच्या चलनाचे मूल्य एक चतुर्थांशाने घटले तर महिना निभावेल का, हे गणित प्रत्येक देशासाठी करावे आणि उत्तर ‘नाही’ असेल तर तो देश बाजूला ठेवावा.

आजारपण

निरोगी माणसाला आरोग्यव्यवस्थेविषयी फार कुतूहल नसते. देश निवडताना मात्र ते असावे लागते. सरकारी व्यवस्थेत परदेशी रहिवाशाला प्रवेश कधी मिळतो, त्याची किंमत किती आणि आधीपासूनच्या आजारांचे काय होते, हे तीन प्रश्न विचारावेत. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून व्हिसासोबत आरोग्य अधिभार म्हणून प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १,०३५ पौंड भरावे लागतात आणि तेही संपूर्ण मुदतीचे एकदम. तीन वर्षांच्या व्हिसासाठी पतिपत्नींचे मिळून ६,२१० पौंड होतात. स्वित्झर्लंडमध्ये आल्यापासून तीन महिन्यांत आरोग्य विमा घेणे सक्तीचे आहे. जर्मनीत चांगल्या पगाराच्या माणसाला खासगी विमा तरुणपणी स्वस्त पडतो, पण वयाच्या ५५ व्या वर्षानंतर सरकारी विम्यात परतणे जवळपास अशक्य असते. म्हणजे तिशीत घेतलेला निर्णय साठीत भोवतो.

रोज घ्यावी लागणारी औषधे त्या देशात कायदेशीर आहेत का, हेही पाहून घ्यावे. ही बाब क्षुल्लक वाटते, पण जपानमध्ये अॅम्फेटामिनयुक्त औषधे डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत, आणि १० टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधेदेखील निषिद्ध आहेत.

भाषा

तिथे इंग्रजीवर भागते, हे वाक्य दुकान आणि कचेरी यांतला फरक विसरून बोलले जाते. भाजी घेताना भागते. भाडेकरार वाचताना, शाळेत मुलाविषयी बोलताना आणि रात्री दोन वाजता रुग्णवाहिका बोलावताना भागत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेचा अंदाज असा आहे की इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला स्पॅनिशमध्ये कामापुरते प्रावीण्य मिळवण्यास सुमारे ६०० ते ७५० तास वर्गात बसावे लागते, तर जपानी, अरबी, चिनी किंवा कोरियनसाठी सुमारे २,२०० तास. रोज एक तास दिला तर २,२०० तासांना सहा वर्षे लागतात. तीन वर्षांसाठी जाणाऱ्याने आणि उरलेले आयुष्य काढायला जाणाऱ्याने या आकड्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहावे.

जाऊन राहून पाहणे

इथवरच्या चाळणीतून दोन किंवा तीन देश उरतात. त्यांपैकी प्रत्येक ठिकाणी निदान महिनाभर राहावे, आणि तेही सर्वांत वाईट ऋतूत. हेलसिंकीचा जून पाहून निर्णय घेणाऱ्याने तिथला डिसेंबर पाहिलेला नसतो. त्या महिन्याच्या उत्तरार्धात दिवसाचा उजेड सहा तासांच्याही आत असतो. हॉटेलात उतरू नये, वस्तीत भाड्याने खोली घ्यावी, कामाच्या वेळेला बसने प्रवास करावा, एका दवाखान्यात आणि एका सरकारी कार्यालयाच्या रांगेत तासभर थांबावे. राहण्यायोग्य शहरांच्या ज्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात, त्यांपैकी अनेक मुळात कंपन्यांना परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचे भत्ते ठरवता यावेत यासाठी सुरू झाल्या. ज्याचे घरभाडे कंपनी भरते त्याच्या गरजा त्यांत मोजलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यावर फार विसंबू नये.

कागदांचे चक्र कसे फिरते, हेही या मुक्कामात समजून घ्यावे. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. अनेक बँका खाते उघडण्यासाठी ती नोंदणी मागतात, आणि घरमालक घर देण्यापूर्वी बँक खाते आणि पगाराच्या पावत्या मागतो. हा फेरा तुटतो, पण पहिले दोन महिने नोंदणी होऊ शकेल अशी तात्पुरती जागा आधी ठरवली असेल तरच सहज तुटतो.

पहिले वर्षभर घर विकत घेऊ नये. अनेकदा ते शक्यही नसते: कॅनडाने २०२३ पासून बहुतेक परदेशी व्यक्तींना निवासी घरे घेण्यास मनाई केली आहे, न्यूझीलंडने २०१८ मध्येच तसा निर्बंध आणला, आणि थायलंडमध्ये परदेशी माणसाला सर्वसाधारणपणे जमिनीची मालकी मिळत नाही; इमारतीतील सदनिका मिळते, पण परदेशी मालकी एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांच्या आत राहावी लागते.

निर्णय झाला की मूळ देशात असतानाच जन्म, विवाह, पदवी आणि पोलीस पडताळणीचे दाखले मिळवून घ्यावेत. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील तर त्यांवर अपोस्टिलचा, म्हणजे दाखला अस्सल असल्याच्या प्रमाणीकरणाचा, शिक्का पुरतो. नसतील तर वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावे लागते आणि त्याला कित्येक आठवडे जातात. पोलीस पडताळणीचा दाखला मात्र सर्वांत शेवटी काढावा, कारण अनेक देश तो काही महिन्यांपेक्षा जुना असल्यास स्वीकारत नाहीत.