वेल्डिंगला जॉब वाकतोय? उष्णता नीट समजून घ्या

गेट टॅक केलं, म्हणजे छोटे ठिपके मारून तात्पुरतं जोडलं, तेव्हा गुण्यात (काटकोनात) एकदम बरोबर होतं आणि फुल वेल्डिंग मारून टेबलावरनं उचललं तर एक कोपरा वर, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही शेडमधे विचारा, सगळ्यांचं झालेलं असतंय. माप बहुतेक वेळा बरोबरच असतं, घोळ उष्णतेचा असतो, आणि जॉब ओढला जातो तो खरा गार होताना.

1 मीटर लोखंड 100 डिग्रीनं तापलं की साधारण 1.2 मिमी वाढतं. पण वेल्डिंगला सगळा जॉब कुठं तापतोय, फक्त सांध्याजवळची पट्टी तापते, तिथं लोखंड 1500 डिग्रीच्या आसपास वितळत असतं आणि बाजूचं गार लोखंड तिला पसरू देत नाही, मग ती मऊ पट्टी जागेवरच दाबली जाते आणि गार होताना आधीपेक्षा आखूड व्हायला बघते. म्हणून ज्या बाजूला वेल्ड, त्या बाजूला जॉब ओढतो.

मग करायचं काय, तर आधी सगळीकडं टॅक मारा, दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का बघा, आणि नंतर एकाच कोपऱ्यात बसून सगळं संपवू नका, एक कोपरा झाला की तिरका समोरचा घ्या. लांब सांधा असेल तर 50-75 मिमीचे तुकडे पाडा, काम डावीकडनं उजवीकडं सरकू दे, पण प्रत्येक तुकडा मारायचा उजवीकडनं डावीकडं. वेळ जातो, पण नंतर घण घेऊन बसण्यापेक्षा परवडलं. आणि जाड वेल्ड म्हणजे मजबूत वेल्ड हे डोक्यातनं काढा, जेवढा माल जास्त भराल तेवढी ओढ जास्त. क्लॅम्प जॉब पूर्ण गार झाल्यावरच सोडा.

स्टेनलेस हे माइल्ड स्टीलच्या (साध्या लोखंडाच्या) दीडपट पसरतं आणि उष्णता लवकर सोडत नाही, तिथं टॅक कमी अंतरावर मारा आणि करंट कमी ठेवा.

ईएन-8 (मध्यम कार्बनचं स्टील) चा शाफ्ट आला तर प्रश्न वाकण्यापेक्षा तडकण्याचा. त्यात कार्बन 0.4 टक्क्यांच्या आसपास, वेल्डशेजारचा भाग झटकन गार झाला की काचेसारखा ठिसूळ होतो. आधी 150-200 डिग्री तापवा, सुकवलेला 7018 (कमी हायड्रोजनचा) रॉड वापरा, आणि झाल्यावर कोरड्या राखेत पुरून ठेवा. घाईला पाणी मारायचं नाही म्हणजे नाही! शिरोलीकडचं बिडाचं (कास्ट आयर्नचं) कास्टिंग असेल तर निकेल रॉड, 25 मिमीचे छोटे तुकडे, प्रत्येक तुकडा गरम असतानाच हातोडीनं हलकं ठोकायचा आणि हात लावता येईल एवढं गार झाल्यावरच पुढचा.

एवढं करूनही माइल्ड स्टीलची फ्रेम वाकलीच तर फुगलेल्या बाजूला गॅसनं एक छोटा ठिपका मंद लाल करा आणि सोडून द्या, गार होताना तीच बाजू आखडते आणि फ्रेम सरळ यायला लागते. एका ठिपक्यात भागलं नाही तर थोडं अंतर सोडून दुसरा, त्याच जागेवर परत परत नको.