बारावीनंतर शिकायला बाहेरगावी जाताना: वर्षभर आधीपासून करायची तयारी

बारावीपर्यंत विद्यार्थ्याचा दिवस बराचसा इतरांच्या भरवशावर चालतो. सकाळी घरचे उठवतात, गृहपाठ राहिला तर शिक्षक निरोप धाडतात, परीक्षेचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयाचे कार्यालय भरून घेते आणि शुल्काची तारीख आईवडिलांच्या लक्षात असते. पदवीच्या पहिल्या वर्षी हा आधार एकदम सुटतो. मी तालुक्याच्या गावातून पुण्याला शिकायला आलो तेव्हा मला अभ्यास तितकासा जड गेला नाही. कोणत्या कामाची मुदत केव्हा संपते हे सांगणारे कुणी नव्हते, ते मात्र फार जड गेले. पुढे बारावीच्या मुलामुलींना प्रवेशाच्या कामात मदत करताना त्यांचीही हीच अडचण दरवर्षी दिसत राहिली. म्हणून माझा आग्रह आहे की घर सोडण्याआधीच्या वर्षात यातले एकेक काम विद्यार्थ्याने स्वतःच्या हाती घ्यावे. घरी असताना चूक झाली तर ती सावरायला माणसे जवळ असतात.

१. दिवाळीच्या आधी कागदपत्रे हाती घ्या

सर्वांत आधी दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड, शाळेच्या नोंदी आणि बँकेचे पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि नाव, वडिलांचे नाव, आडनाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एका ठिकाणी ‘दत्तात्रय’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘दत्तात्रेय’, एवढ्या फरकानेही पुढे अर्ज अडकतो. प्रवेशासाठी दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरली जाते, तेव्हा आधार आणि बँक खाते तिच्याशी जुळवून घ्यावे; हे काम ऑक्टोबरमध्ये जितके सोपे असते तितके जूनच्या गर्दीत राहत नाही.

त्यानंतर वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांचे अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून करावेत. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राच्या (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) बाबतीत मुदतीकडे विशेष लक्ष द्यावे. या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेशाच्या वेळी ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. घरात जुने प्रमाणपत्र आहे एवढ्यावर निश्चिंत राहिलेली कुटुंबे ऐन जुलैमध्ये तहसील कचेरीच्या रांगेत उभी असलेली मी पाहिली आहेत.

सर्वाधिक वेळ लागतो तो जात वैधता प्रमाणपत्राला. राखीव जागेवर अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असेल, तर जातीचा दाखला पुरेसा नसतो. त्याची पडताळणी समितीकडून व्हावी लागते. त्यासाठीचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच, कनिष्ठ महाविद्यालयाच्या पत्रासह करता येतो. अर्जासोबत वडील, आजोबा, चुलत आजोबा अशा वडिलांकडच्या नातलगांचे जुने पुरावे लागतात. पुरावा कोणत्या तारखेपूर्वीचा हवा हे प्रवर्गानुसार ठरते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या सरकारी नोंदवहीतली) जन्म-मृत्यूची नोंद मिळवायला गावी दोनतीन खेपा होतात. घरात वडिलांकडच्या एखाद्या काका-आत्याचे वैधता प्रमाणपत्र आधीच झालेले असेल तर ते जरूर जोडावे, त्याने काम बरेच हलके होते. या खेपांना विद्यार्थ्याने वडिलांबरोबर स्वतः जावे. कचेरीत काय विचारायचे, पोच कशी मागायची आणि अर्जाचा क्रमांक कसा जपायचा, हे त्यातूनच कळते आणि पुढे दहा ठिकाणी उपयोगी पडते.

२. कोणत्या परीक्षेचा अर्ज भरायचा ते लवकर ठरवा

बारावीचे गुण कशासाठी लागतात आणि प्रवेश परीक्षेचे कशासाठी, याची एक यादी जानेवारीच्या आत स्वतःच्या हाताने लिहून काढावी. राज्यातील अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राचे बहुतेक प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतात, वैद्यकीयचे नीटवर, आणि एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांचे जेईई मेनवर. वाणिज्य शाखेच्या मुलांचा गोंधळ होतो तो बीबीए, बीसीए आणि बीएमएसच्या बाबतीत. २०२४ पासून या अभ्यासक्रमांसाठीही राज्याची सीईटी सुरू झाली आहे, आणि बारावीच्या गुणांवर थेट प्रवेश मिळेल असे धरून चाललेली मुले अर्जाची तारीखच हुकवतात. बीए, बीएस्सी, बीकॉमचे प्रवेश मात्र त्या त्या विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयाच्या पद्धतीने होतात. तिथे निकाल लागल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच अर्ज भरावे लागतात.

३. पसंतीक्रम भरताना धीर धरा

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत (सर्व महाविद्यालयांच्या जागा एकाच यंत्रणेतून वाटण्याची पद्धत) विकल्प अर्ज, म्हणजे महाविद्यालयांची पसंतीक्रमाने यादी, भरण्याच्या टप्प्यावर मला सर्वांत जास्त चुका दिसतात, आणि त्या बहुतेक भीतीपोटी होतात. ‘आपल्या पर्सेंटाइलला ते महाविद्यालय कुठे मिळणार’ म्हणून मुले मनातले नाव खाली ढकलतात आणि हमखास मिळणारे वर लिहितात. यंत्रणा मात्र गुणवत्ता क्रमांकानुसार प्रत्येकाचा अर्ज वरून खाली वाचत जाते आणि जागा शिल्लक असलेला पहिला पर्याय देऊन थांबते. वरचा पर्याय मिळाला नाही तर खालच्या पर्यायाची संधी त्यामुळे तिळभरही कमी होत नाही. उलट हमखास मिळणारे महाविद्यालय वर लिहिले, तर त्याखालचे अधिक आवडीचे नाव वाचलेच जात नाही. म्हणून यादी आपल्या खऱ्या इच्छेच्या क्रमानेच लिहावी आणि मागील वर्षीच्या कट-ऑफचा उपयोग यादीचा शेवट कुठवर न्यायचा हे ठरवण्यासाठी करावा.

दुसरी काळजी फेरीच्या नियमांची. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला, तर तो स्वीकारावा लागतो. नंतरच्या फेऱ्यांत बदल मागता येत नाही. २०२५-२६ च्या प्रवेशांपासून अभियांत्रिकीच्या फेऱ्या तीनऐवजी चार झाल्या आणि पुढच्या फेऱ्यांत वरच्या काही पसंतींनाही हाच नियम लागू झाला. नियम असे बदलतात, म्हणून थोरल्या भावाच्या वेळचा अनुभव प्रमाण न मानता त्या वर्षीची माहिती पुस्तिका विद्यार्थ्याने स्वतः, सावकाश, पेन्सिल हातात घेऊन वाचावी. जी शाखा किंवा जे गाव खरोखर नको आहे, ते यादीत भर म्हणून कधीही लिहू नये.

शक्य असेल तर यादीतल्या पहिल्या तीनचार महाविद्यालयांना मे महिन्यात भेट द्यावी. प्रवेशद्वारापेक्षा ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वसतिगृह पाहावे आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचाराव्यात: तास नियमित होतात का, आणि गेल्या वर्षी शुल्काव्यतिरिक्त किती पैसे भरावे लागले.

४. शुल्क आणि शिष्यवृत्ती यांचा हिशेब मांडा

वर्षाच्या खर्चाचा कागद आईवडिलांनी आणि विद्यार्थ्याने एकत्र बसून करावा. घरची आर्थिक स्थिती मुलांपासून लपवण्यामागे माया असते हे मला कळते, तरीही सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आकडे समजतात आणि समजले की तो जपून वागतो.

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. याच उत्पन्न मर्यादेतील मुलींना, त्यांचा प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलगी आहे म्हणून जवळचे आणि स्वस्त महाविद्यालय निवडावे असा विचार ज्या घरांत चालू असेल, त्यांनी हा नियम नीट वाचून पुन्हा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातींकरिता स्वाधार, अनुसूचित जमातींकरिता पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् आणि इतर मागासवर्गीयांकरिता ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची चौकशीही करावी.

शिष्यवृत्तीचे पैसे ज्या खात्यात येतात, ते खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी आधारशी जोडलेले असावे लागते. एकाहून अधिक खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात रक्कम जाते. लहानपणी शाळेने उघडून दिलेले आणि नंतर बंद पडलेले खाते आधारला जोडलेले राहिले, म्हणून रक्कम अडकल्याचे प्रकार होतात. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग’ झाले आहे का, असे स्पष्ट विचारावे. अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो, हेही लक्षात ठेवावे.

५. राहण्या-जेवण्याची सोय बघा, आणि हाताला सवय लावा

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढे अनेक समाजांची वसतिगृहे तिथे निघाली, ती खेड्यातल्या मुलाला शहरात डोके टेकायला जागा नसल्याने शिक्षण सुटते हे ओळखून. आजही पहिला प्रयत्न महाविद्यालयाच्या, शासनाच्या किंवा संस्थेच्या वसतिगृहासाठीच करावा, आणि त्याचा अर्ज वेगळा असतो हे विसरू नये. ती सोय झाली नाही तर कॉट बेसिसवर खोली बघावी लागते. खोली ठरवताना अनामत रक्कम किती, ती परत केव्हा मिळणार, वीजबिल वेगळे आहे का आणि खोली मध्येच सोडायची झाल्यास किती दिवस आधी सांगायचे, हे लेखी घ्यावे. खानावळीचा महिना लावण्यापूर्वी आठवडाभर जेवून पाहावे आणि गावी गेल्यास खाडा धरतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करतात का, हे आधीच विचारावे.

परीक्षा संपल्यापासून निघेपर्यंतच्या दोनतीन महिन्यांत घरात चार कामे पक्की शिकून घ्यावीत: वरण-भात, पोळी किंवा भाकरी आणि एक भाजी, कपडे धुणे, बँकेत आणि टपाल कार्यालयात एकट्याने व्यवहार करणे, आणि ताप आल्यास कोणते औषध किती घ्यायचे व डॉक्टरकडे केव्हा जायचे. मुलगा असो वा मुलगी, ही यादी सारखीच. जूनमध्ये घरच्यांनी महिन्याचा ठरावीक खर्च एकदम हाती द्यावा आणि मुलाने तो तीस दिवस पुरवून वहीत लिहून दाखवावा. पहिल्या वेळी तो विसाव्या दिवशी संपतो, आणि त्याचे कारण वहीत सापडते.

६. पहिले सत्र: पहिल्या सहा आठवड्यांत काय करावे

अभ्यासाची पद्धत बदलते ती सत्र पद्धतीमुळे. बारावीत वर्षाच्या शेवटी एक मोठी परीक्षा होती. इथे साधारण पंधरा आठवड्यांत विषय संपतो आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मध्येच पडत राहतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सत्रभरात १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक. प्रवेश झाल्याबरोबर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्यावा, प्रत्येक विषयाचे श्रेयांक आणि गुणविभागणी बघावी, आणि मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय कोणता घ्यायचा हे मित्राच्या निवडीवरून ठरवू नये. ७५ टक्के उपस्थितीची अट असते. ती पाळली जात नाही असे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगते, पण परीक्षेच्या तोंडावर नाव अडकल्यावर तो सांगणारा मदतीला येत नाही.

अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनी सुट्टीत बारावीचे विकलन आणि संकलन पुन्हा एकदा सोडवावे, कारण पहिल्या वर्षाची केटी (नापास होऊन पुढच्या वर्षात मागे राहिलेला विषय) बहुधा गणितातच लागते. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीतले व्याख्यान पहिला महिनाभर अर्धेच कळेल. याचा संबंध बुद्धीशी नाही, कानाला सवय नसण्याशी आहे. उद्या शिकवला जाणारा भाग आदल्या रात्री पुस्तकातून अर्धा तास वाचून गेल्यास तेच शब्द वर्गात ओळखीचे होतात. शंका मराठीत विचारायला मुळीच संकोच करू नये. वर्गात धीर होत नसेल तर तास संपल्यावर शिक्षकांना गाठावे.

पैशांची चणचण असल्यास ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी विद्यार्थी विकास विभागात करावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेतून रुजलेली ही वाट आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी चालू आहे, आणि ते काम महाविद्यालयाच्या आवारातच असल्याने तास बुडत नाहीत.

वसतिगृहात रॅगिंग झाले तर ती गंमत समजून सोसू नये. महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमानुसार तो गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. मन खचल्यासारखे वाटले, झोप उडाली किंवा जेवण जाईना, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

घरच्यांशी आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी बोलावे आणि त्यातल्या एका फोनवर तरी अभ्यासाची खरी स्थिती सांगावी. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले, हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सांगितले तर विषय समजून घ्यायला आणि शिक्षकांची मदत घ्यायला सत्राचे सात-आठ आठवडे शिल्लक असतात.