की-व्हॅल्यू डेटाबेसमध्ये एकमेकांशी जोडलेला डेटा कसा ठेवायचा

एसक्यूएलची (टेबलांच्या डेटाबेसची भाषा) सवय असलेला माणूस की-व्हॅल्यू डेटाबेसकडे, म्हणजे जिथे प्रत्येक कीखाली (ओळखीच्या नावाखाली) एक व्हॅल्यू ठेवतात तिकडे, आला की आधी टेबलं पाडतो आणि मग जॉइन (दोन टेबलं जोडून वाचायची सोय) शोधत बसतो. जॉइन नाहीये हो. डेटा बऱ्याच मशिनवर वाटलेला असतो आणि कुठली नोंद कुठे जाणार ते कीचा हॅश (कीवरून काढलेला ठरावीक आकडा) ठरवतो, म्हणजे ज्या नोंदी एकत्र वाचायच्यात त्या एकत्र पडाव्यात असं वाटत असेल तर ते कीमधूनच सांगावं लागतं.

म्हणून आधी प्रश्न लिहून काढा. समजा विद्यार्थी आणि कोर्स आहेत. या विद्यार्थ्याने कुठले कोर्स घेतलेत? या कोर्सला कोण कोण आहे? आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की उत्तरात जास्तीत जास्त किती नोंदी येतील. हा आकडा कोणी लिहीत नाही आणि तिथेच मार बसतो.

सगळ्यात सोपं वाटतं ते म्हणजे कोर्सच्या व्हॅल्यूमध्येच विद्यार्थ्यांच्या आयडींची यादी कोंबणं. मीपण तेच केलेलं. दोन सर्व्हरनी एकाच वेळी यादी वाचली, दोघांनी आपापला आयडी जोडला आणि परत लिहिली, ज्याने नंतर लिहिली त्याची राहिली, दुसऱ्याचा विद्यार्थी गायब, एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, दोन दिवस डोकं खाजवत बसलो. व्हर्जन नंबर ठेवून कंडिशनल राइट केलं (मधे व्हर्जन बदललं नसेल तरच लिहिलं) तर हे टळतं, पण यादी फुगत जाते ते जातेच आणि डायनॅमोडीबीत (ॲमेझॉनचा डेटाबेस) एक आयटम, म्हणजे एक नोंद, ४०० केबीच्या वर जाऊ शकत नाही. यादी लहान आणि फारशी न वाढणारी असेल तरच हा प्रकार करा.

नाहीतर प्रत्येक नात्याची वेगळी नोंद. डायनॅमोडीबीत पार्टिशन की (नोंद कुठल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे भागात, पडणार ते ठरवते) आणि सॉर्ट की (त्या भागातला क्रम ठरवते) असते, कॅसांड्रा या डेटाबेसात सॉर्ट कीच्या जागी क्लस्टरिंग कॉलम. असं काहीतरी, डावीकडे पार्टिशन की आणि उजवीकडे सॉर्ट की:

विद्यार्थी#४२ | माहिती
विद्यार्थी#४२ | कोर्स#००७
विद्यार्थी#४२ | कोर्स#०१२

एका क्वेरीत विद्यार्थीही आला आणि त्याचे कोर्सही. आकड्यांपुढची शून्यं विसरू नका, की स्ट्रिंग असेल तर १० हा ९ च्या आधी येतो. सॉर्ट कीमध्ये तारीख घालायचा मोह होतो, घाला, पण मग ती तारीख माहीत नसेल तर नोंद थेट डिलीट करता येत नाही, आधी शोधावी लागते.

आता उलटा प्रश्न, कोर्स#००७ ला कोण आहे? डायनॅमोडीबीत पार्टिशन की आणि सॉर्ट कीची अदलाबदल करून ग्लोबल सेकंडरी इंडेक्स (त्याच नोंदींची दुसऱ्या कीने लावलेली प्रत) बनवता येतो, फक्त तो किंचित मागे असू शकतो आणि त्यावर स्ट्राँगली कन्सिस्टंट रीड (हमखास ताजं वाचन) मिळत नाही. किंवा उलटी नोंद स्वतःच लिहा. ट्रान्झॅक्शन (सगळं लिहिलं जातं नाहीतर काहीच नाही) असेल तर दोन्ही त्यात टाका (डायनॅमोडीबीत एका वेळी १०० आयटमपर्यंत चालतं). रेडिस या की-व्हॅल्यू डेटाबेसाच्या क्लस्टरमध्ये (बऱ्याच मशिनवर वाटलेला) १६३८४ स्लॉट (कीज वाटायचे कप्पे) असतात आणि मल्टी (त्याची ट्रान्झॅक्शनची कमांड) एकाच स्लॉटमधल्या कीजवर चालतं, हॅश टॅगने (कीमधल्या महिरपी कंसातल्या भागाचाच हॅश घेणं) काही कीज एका स्लॉटमध्ये आणता येतात पण प्रत्येक विद्यार्थी प्रत्येक कोर्सच्या स्लॉटमध्ये कसा आणणार?

अशा वेळी एक बाजू खरी माना आणि दुसरी तिची कॉपी. जोडताना आधी कॉपी लिहा मग खरी नोंद, काढताना आधी खरी काढा मग कॉपी. हे उलटं वाटतं मला माहितीये, पण मधेच प्रोसेस मेली तर कॉपीत फक्त जास्तीची नोंद उरते, आणि जास्तीची नोंद वाचताना खऱ्या बाजूला विचारून पकडता येते, जी नोंद नाहीच ती कशी पकडणार? एकाच जोडीवर जोडणं आणि काढणं एकदम चाललं तर मात्र हेही फसतं, त्यामुळे खरी बाजू वाचून कॉपी दुरुस्त करणारा एक जॉब अधूनमधून चालवाच.

नात्याच्या नोंदीत कोर्सचं नावही ठेवा, मग नावासाठी पुन्हा डेटाबेसकडे जावं लागत नाही. जे क्वचित बदलतं तेच कॉपी करा. भरलेली फी मात्र मुद्दाम तिथेच ठेवा, कारण उद्या कोर्सची फी वाढली तरी या विद्यार्थ्याने किती भरली ते बदलायला नको.

एखाद्या कोर्सला लाखो लोक आले तर ते पार्टिशन तापतं (त्या एकावरच सगळा ताण येतो), डायनॅमोडीबीत एका पार्टिशनची मर्यादा सेकंदाला १००० राइट युनिट आणि ३००० रीड युनिट (लिहिण्या-वाचण्याची त्याची मापं) आहे. मग विद्यार्थ्याच्या आयडीचा हॅश घेऊन कोर्स#००७#० ते कोर्स#००७#९ असे दहा भाग करा, वाचताना दहाही वाचून एकत्र करा. गरज नसताना सुरुवातीलाच हे करू नका, प्रत्येक रीड उगाच दहापट होतो.

आणि प्रश्न जर मित्राच्या मित्राचा मित्र अशा छापाचे असतील तर प्रत्येक पायरीला नेटवर्कची नवी फेरी आणि कीजची संख्या भसाभस वाढते. दोन पायऱ्या बॅच गेटने (एका फेरीत बऱ्याच कीज वाचणं) निभतात, त्याच्या पुढे निओफोरजेसारखा ग्राफ डेटाबेस (नात्यांसाठीच बनवलेला) घ्या.