परसात हेझलनट लावताय? या चुका टाळा

पहिली चूक नर्सरीतच होते: एकाच जातीची दोन रोपं घरी येतात. अमेरिकेतल्या ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात, हिल्सबरो-पोर्टलंडकडच्या परसांत हे सर्रास दिसतं. दोन्ही 'जेफरसन', दोन्ही जोमदार. जानेवारीत पिवळे तुरे, म्हणजे नर फुलं, लोंबतात, फांदी हलवली की पराग उडतो, आणि सप्टेंबरअखेर झाडाखाली एक फळ नाही. मग खत वाढतं, पाणी वाढतं. दोष त्यांचा नाहीच. हेझलनटला स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही, आणि परक्या जातीचाही कुठलाही चालत नाही. शेजाऱ्याचं जुनं 'बार्सिलोना' आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याचा पराग जेफरसनला लागू पडत नाही. जेफरसनची मादी फुलं उशिरा येतात, म्हणून सोबतीला उशिरा पराग सोडणारं 'इटा' किंवा 'थीटा' हवं, तेही १५ मीटरच्या आत, कारण पराग वारा नेतो, मधमाशी नाही. मादी फूल ओळखायचं तर कळीच्या टोकाला केशराच्या काडीसारखे लाल तंतू शोधा. ते दिसत असताना सोबतच्या झाडाचे तुरे झडून गेले असतील, तर जोडी चुकली.

दुसरी खोड, खोल लावण्याची. सर्वांत वरचं मूळ मातीखाली जेमतेम ३ ते ५ सेंमी असावं. त्याहून खोल गेलं की पावसाळी हिवाळ्यात चिकणमातीत मुळं कुजतात, आणि जगलेलं झाड बुंध्यातून फुटवेच काढत बसतं. हे फुटवे वीतभर, कोवळे असतानाच बुंध्यालगत कापा; एप्रिलपासून उन्हाळाभर, महिन्यातून एकदा. त्यांवर ग्लायफोसेट हे तणनाशक मारण्याचा शॉर्टकट कृपा करून नको. फुटवा आणि झाड एकाच मुळावर आहेत. औषध झाडात उतरतं.

लागवडीच्या खड्ड्यात रासायनिक खत घालू नका. कोवळ्या खोडाला निम्मं पाणी घातलेला पांढरा लेटेक्स पेंट लावा, नाहीतर उन्हाने साल तडकते. फळं तोडू नका. पिकली की गळतात. मात्र दोन दिवसांत वेचा, खारी थांबत नाहीत.

बार्सिलोनाच्या फांदीवर ओळीने काळे लंबगोल फोड (ईस्टर्न फिल्बर्ट ब्लाइट या बुरशीजन्य रोगाची खूण) दिसले, तर 'बघू पुढच्या वर्षी' म्हणू नका. लागण होऊन फोड दिसेपर्यंतच वर्ष उलटून गेलेलं असतं. फोडांच्या खाली २-३ फूट निरोगी लाकूड घेऊन फांदी कापा आणि जाळा.

आणि पुण्या-नाशिकच्या गच्चीवर हे झाड लावायचा हट्ट सोडा. फुलण्यासाठी त्याला ७ अंशांखालची शेकडो तासांची थंडी लागते.