जत्रेच्या नाटकाच्या फाइली झिप करून पाठवताना

संहिता, पोस्टर आणि कलाकारांचे फोटो फोंड्याहून म्हापशाच्या छापखान्यात पाठवायचे तर वीस फाइली सुट्या जोडू नका. एखादी हमखास राहते. सगळ्या एका फोल्डरात घाला. विंडोज ११ मध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून झिप फाइल, म्हणजे सगळ्या फाइली दाबून बांधलेली एकच फाइल, करण्याचा पर्याय निवडा. विंडोज १० मध्ये तो ‘सेंड टू’खाली मिळतो.

आकार निम्मा होईल ही आशा मात्र धरू नका. जेपीजी फोटो, एमपी३ गाणी आणि वर्डच्या डॉक्एक्स फाइली आधीच दाबलेल्या असतात, त्या जेमतेम घटतात. साधा मजकूर किंवा न दाबलेले बीएमपी चित्र खूप आक्रसते. फोटोच जड असतील तर आधी त्यांची लांबी-रुंदी कमी करा, पण छपाईचे पोस्टर मूळ आकारातच ठेवा.

जीमेलची मर्यादा २५ एमबी. जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या आत राहा. त्याहून मोठी असेल तर झिप करणाऱ्या सेव्हन-झिप या प्रोग्रॅममध्ये ‘स्प्लिट टू व्हॉल्यूम्स’च्या चौकटीत १८ एमबीचे तुकडे मागा आणि एका मेलला एकच तुकडा जोडा. समोरच्याने सगळे तुकडे एकाच फोल्डरात उतरवून ००१ क्रमांकाचा सेव्हन-झिपमध्येच उघडायचा. एकही कमी असला तर पूर्ण संच हाती लागत नाही.

छापखान्याला आवर्जून सांगा: आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करा, मगच फाइल उघडा. झिपच्या आतूनच उघडून केलेल्या दुरुस्त्या बऱ्याचदा जतनच होत नाहीत, आणि जुनेच नाव पोस्टरवर छापून येते.