लीडरशिप ट्रेनिंग झालं, आता सोलापुरात दिव्यांग हक्कांचं काम नक्की कसं करायचं

ट्रेनिंग करून आलेल्या आपल्या दिव्यांग मित्र-मैत्रिणींसाठी आणि दिव्यांग मुलांच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय. ट्रेनिंगमध्ये हक्क शिकवतात, बोलायला शिकवतात, माणूस ताठ मानेनं परत येतो हे खरंय, पण सोलापूर स्टेशनला उतरल्यावर पुढच्या सोमवारी कुठल्या ऑफिसला कुठला कागद घेऊन जायचं हे कुणी सांगत नाही आणि तिथंच लई जण थांबतात. एवढी तयार झालेली माणसं घरी बसून राहतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जमेल तेवढं सविस्तर सांगतो.

आधी एक काम करू नका. आल्या आल्या संस्था रजिस्टर करायच्या मागं लागू नका. ट्रस्ट, लेटरहेड, शिक्का, अध्यक्ष कोण खजिनदार कोण यात महिने जातात आणि चांगली माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात. निवेदन द्यायला, माहिती अधिकार टाकायला, ग्रामसभेत उभं राहून बोलायला संस्था लागत नाही, नागरिक असलात की झालं. त्याऐवजी चार-पाच माणसं जमवा आणि एक विषय धरा, एकच, आणि त्याचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत दुसरा उचलू नका.

चार-पाच माणसं म्हणजे कोण, तर सगळे एकाच प्रकारच्या अपंगत्वाचे नकोत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९८७ साली पार्टनर्स इन पॉलिसीमेकिंग नावाचं ट्रेनिंग सुरू झालं, त्यात दिव्यांग माणसं आणि दिव्यांग लहान मुलांचे पालक यांना एकत्र बसवून धोरण ठरवणाऱ्यांसमोर आपलं म्हणणं कसं मांडायचं हे शिकवतात, आणि ही एकत्र बसवायची गोष्ट आपण जशीच्या तशी घ्यावी असं मला वाटतं. आपल्याकडं व्हीलचेअरवाले वेगळे, अंध वेगळे, कर्णबधिर वेगळे आणि मतिमंद मुलांच्या आया तर कुठल्याच मीटिंगला नसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत (१९९५ च्या कायद्यात ७ च होते), थॅलेसेमिया, सिकलसेल, ऑटिझम, ॲसिड हल्ल्यातल्या ताई, सगळे त्यात येतात. शोधा यांना. आणि सोलापूरचं म्हणाल तर भाषा विसरू नका, शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडं कन्नड, त्यामुळं ग्रुपमध्ये एकजण तरी ती भाषा बोलणारा पाहिजे, नाहीतर मीटिंगला माणूस येतो आणि मान डोलावून जातो. मीटिंगची वेळ पण त्यांच्या सोयीनं ठेवा, विड्या वळणाऱ्या ताईंना कारखान्यात विड्या देऊन आल्याशिवाय फुरसत नसते आणि यंत्रमागावरचा माणूस पाळी सुटल्यावरच येणार. कर्णबधिर माणूस असेल तर बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असं बसवा, ट्यूबलाइटकडं पाठ करून बसलात तर त्याला ओठ दिसत नाहीत, साइन लँग्वेजवाला मिळाला तर फारच उत्तम.

आता विषय कसा निवडायचा. "दिव्यांगांना न्याय द्या" हा विषय होत नाही, कारण ते ऐकून साहेब म्हणतो "नक्की, नक्की" आणि पुढची फाइल उघडतो. विषय असा पाहिजे की तो कुठल्या टेबलचा आहे हे सांगता येईल, कायद्यात कुठं लिहिलंय हे दाखवता येईल आणि झाला की नाही झाला हे डोळ्यांनी बघता येईल. ऑफिसचा रॅम्प. बसस्टँडवरचं कुलूप लावलेलं दिव्यांग टॉयलेट. ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी. युडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अडकलेला अर्ज. यातला सगळ्यात सोपा घ्या पहिल्यांदा, म्हणजे ग्रुपला एकदा जिंकल्याचा अनुभव येतो, त्याची फार गरज असते.

कायदा पाठ करायची गरज नाही पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधली काही कलमं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कलम ३१, बेंचमार्क म्हणजे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षण. कलम ३२, सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा. कलम ३४, सरकारी नोकरीत ४ टक्के. कलम ३७, गरिबी निर्मूलनाच्या आणि घरकुलासारख्या योजनांत ५ टक्के. कलम ४५, आधीपासूनच्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून ५ वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करायच्या, नियम १५ जून २०१७ ला आले म्हणजे ती मुदत २०२२ लाच संपलीय, हे साहेबांना शांतपणे सांगा. आणि कलम २३, प्रत्येक सरकारी ऑफिसनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्यानं तक्रारीचं रजिस्टर ठेवायचं आणि तक्रार नोंदल्यापासून २ आठवड्यांत चौकशी करायची. हे कलम २३ फार कामाचं आहे आणि सगळ्यात कमी वापरलं जातं. पहिल्याच भेटीत विचारा, "सर, तुमच्याकडचे कलम २३ चे अधिकारी कोण?" उत्तर नाही मिळालं तर तोच तुमचा पहिला विषय झाला बघा.

पुरावा गोळा करणं हा माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून यावर जरा थांबतो. रॅम्पचंच घ्या. आपण म्हणतो रॅम्प चुकीचा आहे, ते म्हणतात रॅम्प आहे की, फोटो बघा. मग टेप घेऊन जा, सुताराकडची साधी टेप. नियम १ ला १२ चा आहे, म्हणजे १ फूट चढायचं असेल तर १२ फूट लांब उतार पाहिजे. एका ऑफिसला आमच्यातल्या एका व्हीलचेअरवाल्या भाऊनं खुर्चीत बसूनच वाकून पायऱ्यांची उंची मोजली, तीन पायऱ्या मिळून १८ इंच निघाली, म्हणजे रॅम्प १८ फूट पाहिजे, आणि होता ७ फुटांचा, वर गुळगुळीत फरशी, एका बाजूला रेलिंग आणि खाली उतरतो तिथं बरोबर मोटारसायकली लावलेल्या. हे आकडे लिहिले, टेप धरलेला फोटो काढला, तारीख टाकली. त्यानंतरची चर्चा एकदम वेगळी झाली कारण आता भांडण आमचं आणि साहेबाचं राहिलं नव्हतं, ७ आणि १८ चं झालं होतं. टॉयलेटचं पण तसंच, दरवाजा किती इंच, आत व्हीलचेअर वळते का, पकडायला दांडी आहे का, की आत झाडू बादल्या ठेवल्यात. आणि मोजमाप नेहमी ज्याला त्रास होतो त्यानं स्वतः करावं, बाकीच्यांनी टेपचं दुसरं टोक धरावं.

निधीच्या विषयात पुरावा म्हणजे माहिती अधिकार. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, झेडपी यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आधी ३ टक्के होते. किती गावांत लोकांना हे माहीतच नाही आणि मार्च आला की घाईघाईत काहीतरी वस्तू वाटून फोटो काढतात. माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र अ या ठरलेल्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून रामायण लिहू नका. एवढंच लिहा: "सन २०२४-२५ मधील ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न, त्यातील दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के रक्कम, प्रत्यक्ष झालेला खर्च व कोणत्या बाबीवर झाला, तसेच संबंधित ठरावांच्या प्रती मिळाव्यात." ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. उत्तर आलं की ते घेऊन ग्रामसभेत जा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा धरून ठेवा. ग्रामसभेत बोललेलं प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहून घ्यायला लावा, नुसतं बोललात आणि टाळ्या घेतल्यात तर दुसऱ्या दिवशी त्याचा काही मागमूस राहत नाही. पैसे कशावर खर्च व्हावेत हे पण ठरवून जा, गावातल्या दिव्यांगांनाच आधी विचारा, कुणाला पीठगिरणी हवी असते, कुणाला श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या.

निवेदन एका पानाचं. वर तारीख, कुणाला, मग विषय एका ओळीत: "मुख्य दरवाजाचा रॅम्प १:१२ उताराचा करून दोन्ही बाजूंना रेलिंग बसवणेबाबत". खाली काय मोजलं, कुठलं कलम, आमची मागणी आणि कधीपर्यंत लेखी उत्तर हवं. "आम्ही दुर्दैवी", "आमच्यावर दया करा" असली भाषा कृपा करून लिहू नका, आपण हक्क मागतोय. दोन प्रती न्या, एक आवक टेबलला द्या आणि दुसरीवर पोच घ्या, पोच म्हणजे शिक्का, सही, तारीख आणि इनवर्ड नंबर, चारही. "ठेवून जा, साहेबांना देतो" म्हटलं तर हसून सांगा की सर पोच मिळाली की लगेच निघतो, आणि तिथंच थांबा. साहेबांबरोबर फोटो काढला नाही तरी चालेल, इनवर्ड नंबर विसरू नका, पंधरा दिवसांनी फोन केल्यावर तोच विचारतात.

भेटीच्या आधी घरी प्रॅक्टिस करा. दोन मिनिटांत म्हणणं संपलं पाहिजे, मोबाइलवर टायमर लावा. कोण बोलणार ते आधी ठरवा आणि ज्याचा प्रश्न आहे तोच बोलू द्या, तुम्ही ट्रेनिंग केलंय म्हणून प्रत्येक वेळी तुम्हीच बोललात तर बाकीचे कधीच शिकणार नाहीत. हे लई अवघड जातं, गप्प बसणं, मला माहितीय. सेरेब्रल पाल्सीमुळं एखाद्याला एक वाक्य बोलायला मिनिट लागत असेल तर लागू दे, मधेच त्याचं वाक्य पूर्ण करू नका. साहेब त्याच्याकडं न बघता सोबतच्याला विचारतात, "यांना काय पाहिजे?" तेव्हा सोबतच्यानं फक्त म्हणायचं, "सर, त्यांनाच विचारा". मतिमंद मूल असेल तर आई बोलेल पण मुलाला बाहेर बाकड्यावर बसवून नको, आत घेऊन जा.

उत्तर आलं नाही तर चिडून उपोषणाचं पत्रक काढायच्या आधी पायऱ्या चढा. आधी स्मरणपत्र, जुन्या पोचेची झेरॉक्स लावून. मग त्याच ऑफिसच्या कलम २३ च्या अधिकाऱ्याकडं तक्रार. मग लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी स्वतः लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी आणि कलेक्टर ऑफिसचा पहिल्या सोमवारी असतो, अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तिथं वैयक्तिक तक्रारच घेतात, म्हणून ग्रुपच्या नावानं नको, ज्याला त्रास झाला त्याच्या नावानं टाका, कोर्टात चालू असलेला विषय तिथं घेत नाहीत. त्याच्या वर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांना सुनावणीत समन्स काढायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, वकील लावायची सक्ती नाही. तिथं जाताना तुमच्याकडं सगळ्या पोचा तारखेप्रमाणं लावलेल्या असतील तर तुमचं अर्धं काम झालेलं असतं. कुणी दिव्यांग माणसाचा चारचौघात मुद्दाम अपमान केला असेल तर ते प्रकरण वेगळं, कलम ९२ खाली तो गुन्हा आहे, ६ महिने ते ५ वर्षं शिक्षा, त्याला सरळ पोलीस स्टेशन.

सोलापूरला एक खास गोष्ट लक्षात ठेवा, ती म्हणजे यात्रा. जानेवारीत गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, आणि पंढरपूरला आषाढी-कार्तिकी. दर्शनाची रांग, तात्पुरती टॉयलेटं, व्हीलचेअर कुठपर्यंत जाणार, हे सगळं आधीच्या नियोजन बैठकांत ठरतं. आपण यात्रेच्या दिवशी गर्दीत अडकल्यावर ओरडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून गड्ड्याचं निवेदन दिवाळीच्या आसपास आणि आषाढीचं एप्रिल-मेमध्ये जायला पाहिजे, आणि त्यात नियोजनाच्या बैठकीला दिव्यांगांचे दोन प्रतिनिधी बोलवा अशी मागणी ठेवा. बैठकीत एकदा खुर्ची मिळाली की पुढच्या वर्षी बोलावतात का ते पण तपासत राहा.

पुढाऱ्यांचं थोडक्यात. सगळ्या पक्षांना भेटा, कुणाचा गमछा घालू नका. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाला सत्काराला बोलावतात तेव्हा शाल घ्यायला हरकत नाही, पण खिशात निवेदन पाहिजे. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका, आणि कुणाचं सर्टिफिकेट, आधार, टक्केवारी तर अजिबात नको.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोतली निवेदनं टाकताना खाली दोन ओळी टाइप करून मजकूर पण लिहा, अंध सदस्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे मोबाइलवरचा मजकूर वाचून दाखवणारं ॲप, फोटोतला मजकूर नीट वाचेलच असं नाही. व्हॉइस नोट टाकली तर कर्णबधिर मित्रासाठी तेच लिहून टाका. ऑफिससाठी आपण सुगम व्हा म्हणतो तर आपला ग्रुप आधी सुगम पाहिजे.

आणि फाइल. साधी पंधरा-वीस रुपयांची फाइल, वर विषय, आत पहिल्या पानावर तक्ता, तारीख, कुठलं ऑफिस, कुणाला भेटलो, काय म्हणाले, पुढं कधी जायचं. दोन सेट ठेवा, एक तुमच्याकडं आणि एक ग्रुपमधल्या नव्या माणसाकडं, ज्यानं ट्रेनिंग केलेलं नाही अशा. पुढच्या भेटीला बोलायची पाळी त्याची ठेवा आणि जायच्या आदल्या दिवशी फाइल त्यालाच वाचून दाखवायला सांगा.