मिल रोलरचं शेल: धातू निवडताना नुसता कडकपणा पाहू नका

शेल म्हणजे ऊस पिळणाऱ्या मिल रोलरच्या शाफ्टवर चढवलेलं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) दातेरी कवच. त्याला झीज सोसायची असते आणि ऊसही पकडायचा असतो. आम्लधर्मी रस आणि उसाबरोबर आलेली वाळू त्याला खातात. पण जास्त कडक, बारीक कणांचं शेल लवकर गुळगुळीत होतं. मग मिल फीड घेत नाही आणि चोथा ओला निघतो. म्हणून पाया राखाडी बिडाचाच ठेवावा: जाड कण, कडकपणा साधारण १८० ते २२० ब्रिनेल (कडकपणा मोजायचं एकक). वरचा धातू झिजतो तसे ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या जागी बारीक खड्डे उघडे पडतात, पकड तिथूनच मिळते.

बिडात इतर धातू मिसळण्याचा खरा उपयोग पृष्ठभागाखाली, खोलवर दिसतो. जाड शेल आतून सावकाश थंड होतं, त्यामुळे आतला धातू मऊ राहतो. दाते पुन्हा कापून व्यास कमी झाला की तोच मऊ थर कामाला येतो. निकेल किंवा तांबं थोडं घातलं की कडकपणा आतपर्यंत टिकतो. क्रोमियम मात्र जपून, काही दशांश टक्केच. वाढलं तर पांढरं बीड (फार कडक आणि ठिसूळ) तयार होतं, मशीनवर कापताना हत्यार खराब होतं आणि दात्यांची टोकं उडतात. ऑर्डरमध्ये कडकपणा पृष्ठभागावर आणि वापराच्या शेवटच्या व्यासावर, दोन्हीकडे लिहून घ्या. चाचणीचा तुकडा शेललाच जोडून ओतलेला हवा. वेगळा ओतलेला लहान तुकडा लवकर थंड होतो आणि आकडा फसवा चांगला दाखवतो.

दाते वारंवार तुटत असतील तर एसजी आयर्न (गोल ग्रॅफाइटचं बीड) घ्या. ते ताकदीला बरंच वरचढ, पण ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असल्याने पकड कमी. तिथे आर्किंगला, म्हणजे वेल्डिंगने दात्यांवर कडक धातूचे थेंब चढवण्याला, पर्याय नाही.

आर्किंग क्रोमियम कार्बाइडच्या इलेक्ट्रोडने, दात्यांच्या टोकांवर आणि बाजूंवर सुटे थेंब टाकून करा. सलग पट्टा ओढला तर उष्णता साठून बीड तडकतं. अर्थिंग शाफ्टवरच्या ब्रशमधून घ्या. हेडस्टॉकला (मिलच्या चौकटीला) लावलं की करंट बेअरिंगमधून जातो आणि जर्नलवर (शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) खड्डे पडतात. हा आळस सर्रास दिसतो.

शेल तापवून शाफ्टवर चढवतात. त्यासाठी आवळ, म्हणजे शेलचं बोअर (आतलं भोक) शाफ्टपेक्षा जितकं लहान ठेवतात तो फरक, शाफ्टच्या व्यासाच्या हजारांशाच्या आसपास पुरते. बीड ताणाला कच्चं, जास्त आवळ दिली तर शेल लांबीभर फुटू शकतं. ४५० मिमीचं बोअर २०० अंश सेल्सियसने तापलं की साधारण ०.९ मिमी मोठं होतं. सगळीकडून सारखं तापवा, बोअर मोजूनच चढवा आणि थंड करायला पाणी मारू नका.